सात नंबरचं गेज

३ ऑगस्ट २००४, मंगळवार

बोट आजारी आहे की बोटीला लावलेलं यंत्र आजारी आहे, हे ओळखायचं कसं? आज मला हे काम शिकवणाऱ्या सरांनी मुंबईहून फोनवर हाच प्रश्न विचारला. "बघते सर," एवढंच म्हटलं. ते म्हणाले, "बघ. पण अंदाज लिहून पाठवू नकोस. मोजलेलं लिही." कामाच्या कागदांत म्हणूनच फक्त आकडे असतात. जे मोजता येत नाही ते इथे लिहायचं ठरवलं आहे.

हरिहरशेटांच्या यार्डात त्यांची खाडीवरची प्रवासी लाँच पावसाळ्यासाठी वर ओढून ठेवली आहे. फायबरची, चाळीस माणसांची, गेल्याच वर्षी बांधलेली. तिच्या पोटात सरांनी आतून बारा गेज चिकटवली आहेत. बोटाच्या पेराएवढी पातळ पट्टी, बोटीचं अंग तिथे किती ताणलं जातंय ते सांगणारी. माझं काम सोपं आहे. पाण्यानं भरलेली पिंपं बोटीत ठरल्या जागी ठेवून घ्यायची, गेज वाचायची, पिंपं उतरवायची, पुन्हा वाचायची. वजन उतरलं की ताण उतरायला हवा. अकरा ठिकाणी उतरतो. सात नंबरला उतरत नाही. थोडा मागे राहतो, आणि दर खेपेला आदल्यापेक्षा थोडा जास्त.

सात नंबर नाळेशी आहे. बोटीच्या अगदी पुढच्या टोकाला, कण्यावर. खाडीच्या तोंडाशी लाट आली की बोट आपटते ती तिथेच.

यंदा अधिक श्रावण आल्यामुळे नारळी पौर्णिमा ऑगस्टच्या शेवटाला गेली आहे. त्या दिवशी लाँच पाण्यात जाणार. शेट म्हणतात, भरपूर वेळ आहे.

५ ऑगस्ट

आज दिवसभर पितळी हातोडी घेऊन बोटीखाली. फायबरची बोट म्हणजे काचेच्या धाग्यांच्या चटया रेझिन नावाच्या चिकट रसायनात भिजवून एकावर एक चढवलेल्या. थर एकमेकांना घट्ट धरून असतील तर टण असा आवाज येतो, सुटले असतील तर थप. कान लागला की चुकत नाही.

पोरांनी माझं नाव टकटकबाई ठेवलंय. "टकटकबाई, दार उघडलं का कोणी?" एकानं विचारलं. मी म्हटलं, "आतून तुझी बायको बोलली, घरी ये म्हणून."

नाळेशी थप येतो. पण तिथेच कण्याखाली मोठा लाकडी ठोकळा दिलेला आहे, अर्धी बोट त्याच्यावर बसली आहे. लाकूड आवाज खातं. म्हणजे हा थप ठोकळ्याचा की बोटीचा, सांगता येत नाही. ठोकळा हलवून मागितला तर धोंडूकाका म्हणाले, "तो हलवला तर होडी आडवी होईल गो. मग सगल्यांनाच ठोकत बस."

धोंडूकाका इथले मुकादम. आमच्याच गावचे, बाबांच्या बरोबरीचे. यार्डात पोरगी लागू शकते ही कल्पनाच शेटना नव्हती. काकांनी शब्द टाकला म्हणून मी इथे आहे. दुपारचा चहा ते मला त्यांच्या जर्मनच्या पेल्यात देतात, इतरांना काचेच्या ग्लासात.

९ ऑगस्ट

किती हलकं वाटतंय! शेटचा पुतण्या वरद पुण्याहून इंजिनियर होऊन आलाय, यार्डातला कॉम्प्युटर तोच बघतो. मी त्याला सात नंबरचे आकडे दाखवले. म्हणाला, "उन्हाचा परिणाम आहे. सकाळी बोट थंड असते, दुपारी तापते, फायबर फुगतं. तापमानाची दुरुस्ती कर." मग स्वतःच बसून त्यानं केली. आलेख एकदम सरळ. सात नंबर बाकीच्यांसारखाच शहाणा दिसायला लागला.

एवढं साधं माझ्या डोक्यात कसं आलं नाही? सरांसमोर तोंडघशी पडले असते. वरदला बोटीची खरंच काळजी आहे, स्वतःचं काम सोडून माझ्यासाठी बसला.

शेट येऊन आलेख बघून गेले. "छान. आता रिपोर्ट लिहून टाक. आणि सही तुझीच पाहिजे हं, वरदची नको. तो घरचा पडला." मोठ्या माणसांचे विचार किती स्वच्छ असतात. आपल्याच पुतण्याची सही नको म्हणणारा मालक मी दुसरा पाहिलेला नाही.

१५ ऑगस्ट, रविवार

झेंडावंदनाला यार्डात गेले. नंतर बूथवरून बाबांना फोन केला. बाबा मुंबईत ज्या कॅन्टीनमध्ये कामाला आहेत तिथे त्यांनी सांगून ठेवलंय, माझी मुलगी बोटींची डॉक्टर आहे. तिकडचा कोणीतरी गावाला जहाज घेणार आहे म्हणे, मी तपासून देईन का विचारत होते. मी म्हटलं, "बाबा, जहाज नाही, लाँच." ते म्हणाले, "तेच ते. पाण्यावर चालतं ना?"

मग म्हणाले, "मैना, शेट मोठा माणूस आहे. जपून बोल. धोंडूच्या शब्दावर लागली आहेस."

रिपोर्ट अजून लिहिलेला नाही. कारण काहीच नाही. हात जात नाही एवढंच. उन्हानं फायबर फुगतं, कबूल. पण ऊन सगळ्या बोटीवर पडतं. मग बाकीच्या अकरांना दुरुस्ती का लागली नाही?

१७ ऑगस्ट

आज उजाडताना यार्डात गेले. ढग भरलेले, ऊन नाहीच. पोरांना आदल्या दिवशी गळ घातली होती, कुरकुरत आली. पिंपं चढवली, वाचलं, उतरवली, वाचलं. पारा आधी जेवढा तेवढाच नंतर. दुरुस्ती करायला जागाच नाही.

सात नंबर परत आला नाही.

मग सरांनी दिलेल्या डबीतलं नवीन गेज काढलं, सात नंबरच्या शेजारी पृष्ठभाग घासून चिकटवलं, वाळू दिलं, पुन्हा सगळं केलं. ते नवं कोरं गेजही वजन उतरल्यावर मागेच राहिलं.

दोन यंत्रं एकाच जागी एकच खोटं बोलत नाहीत. यंत्र आजारी नाही.

वरदकडून दुरुस्ती चुकली असावी. गडबडीत होतं असं.

सरांना फोन केला. ते म्हणाले, "थर सुटले असतील, किंवा ठोकळ्यावर बोट सरकत असेल. आकड्यांवरून दोन्ही शक्य आहे. नक्की कळायला तुकडा काढून बघावा लागतो. मालकाची परवानगी घे. मी परदेशी चाललोय, परत सप्टेंबरात."

१९ ऑगस्ट

पौर्णिमेची तयारी सुरू झाली. चहाच्या वेळी काका खुशीत होते, लाकडी होड्यांच्या गोष्टी सांगत होते. कणा घालताना त्यात खाच पाडून पूजा कशी करायचे, सोन्याची कणी, हळदकुंकू आत ठेवून वरून लाकूड कसं बसवायचे. मी सहज विचारलं, "आणि या लाँचला? फायबरला खाच कुठे पाडणार?"

"खाच नाय पाडली म्हणून काय पूजा सोडू?" काका म्हणाले. "कण्याचे खालचे थर बसले, मग भटजी बोलावले. हळदकुंकू, अक्षता, खणाचा तुकडा. सगल्या बायामाणसांनी अक्षता वाहिल्या. नारळ फोडला, पाणी वाहिलं. फडक्यानं पुसून घेतलं आणि लगेच वरचा थर मारला. आत ऱ्हायला हवं ना देवाचं."

"कुठे, काका?"

"नाळेशी. मान तिथंच असतो."

पेला खाली ठेवायला गेले तो कलंडला. काकांना वाटलं चहा गरम होता.

पाणी लागलेल्या थरावर रेझिन धरत नाही. तांदूळ, कापड, ओल. आतल्या आत एक पोकळ जागा, हातभर लांबीची तरी. वर्षभर लाटा तिथेच आपटल्या. दर आपटीला ती थोडी पुढे उसवत असणार. वरून काही दिसत नाही, वरचे थर गुळगुळीत आहेत, निळा रंग आहे, चकाकी आहे.

माझ्या मनात काय आलं तेही लिहिते. मी त्या दिवशी तिथे असते तर मीही अक्षता वाहिल्या असत्या. हात जोडले असते.

२० ऑगस्ट

काकांना सांगायला हवं होतं ते आज सांगितलं. दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी. कसं सांगायचं याची तालीम करून गेले होते, काही उपयोग झाला नाही.

"जल्म गेला होड्या बांधण्यात," ते म्हणाले. "माज्या हातची एक होडी बुडली नाय. आणि तू म्हणतंस देवाला वाहिलेल्या पाण्यानं बुडणार?"

"देवाच्या पाण्यानं नाही काका. ओलीनं."

"देवाचं पाणी आणि ओल, एकच असतं होय तुज्या पुस्तकात?"

ते उठून गेले. दुपारी चहा आला तो पोराच्या हातून, काचेच्या ग्लासात.

२३ ऑगस्ट

शेटना भेटले. आकडे, दोन्ही गेज, पूजेची हकीकत, सगळं सांगितलं. सरांचं म्हणणं सांगितलं. नाळेशी कण्याला वाटीएवढं भोक पाडून तुकडा बघू द्या, चांगला निघाला तर मी स्वतः माफी मागेन.

शेट हसले. "डॉक्टरीणबाई, पेशंट उठून चालतोय आणि तुम्ही पोट फाडायला निघालात?"

"भोक बुजवता येतं शेट. कडा उतरत्या तासायच्या, नवे थर चढवायचे. पहिल्यासारखी होते."

"पौर्णिमेला आठ दिवस नाहीत. पाहुणे बोलावलेत. पलीकडच्या गावांना शब्द दिलाय. गणपतीला चाकरमानी येणार, ते काय पोहत जाणार? आणि वर्षभर धावली, थेंबभर पाणी आत आलं नाही. आलं का?"

"नाही."

"मग?"

थेंबभर पाणी आलेलं नाही हे खरं आहे. तिच्या कागदपत्रांची मुदत डिसेंबरपर्यंत आहे, त्यामुळे दुसरं कोणी तपासायलाही येणार नाही. शेवटी शेट मायेनं म्हणाले, "तू हुशार आहेस. पण नवी आहेस. रिपोर्ट वरदच्या आलेखासकट दे, म्हणजे पूर्ण होईल."

घरी येताना सारखं वाटत होतं की त्यांचंच बरोबर असेल. मी अजून एकही बोट फुटलेली पाहिलेली नाही. मी फक्त वाचलंय.

पण गेल्या वर्षी गणपतीत मी त्या लाँचमधून गेलेय. बसायला जागा नव्हती. मूर्ती मांडीवर घेतलेले लोक, ट्रंका, पेट्रोमॅक्स, लहान मुलं पुढे नाळेशी कोंबलेली, कारण तिथे वारा लागतो. खाडीच्या तोंडाशी बोट आपटली की मुलं ओरडायची, "अजून!"

२४ ऑगस्ट

रिपोर्ट दिला. वरदचा आलेख न लावता. शेवटी लिहिलं, माझ्या मते ही लाँच तुकडा काढून बघितल्याशिवाय प्रवाशांसाठी वापरू नये. खाली सही केली. माझ्या आयुष्यातली रिपोर्टवरची पहिली सही.

२६ ऑगस्ट

वरद म्हणाला, "तू उगाच त्रास करून घेतेस मैना. सही मी करतो. हरिहरकाकांचं माझ्याशी बोलणं झालंय. तुझा रिपोर्ट बाजूला राहू दे, तुझ्यावर काही यायला नको."

खोटं कशाला लिहू, मला सुटल्यासारखं वाटलं. माझी सही नाही म्हणजे माझी जबाबदारी नाही. बाबा सुखात राहतील, धोंडूकाकांचा शब्दही राहील. चांगला अर्धा तास मी हे सुख अनुभवलं.

मग बोटीत शिरले. सात नंबरच्या जागी दोन पांढरे ओरखडे होते. जुनं गेज नाही, मी लावलेलं नवंही नाही. वायरी कापून गुंडाळून ठेवलेल्या. वरदला विचारलं तर म्हणाला, "बिघडलेलं होतं ना? मग काढून टाकलं."

"नवं का काढलं?"

"ते लागून होतं म्हणून निघालं बरोबर."

असेल. पण त्याचा कोपरासुद्धा शिल्लक नव्हता. चाकूनं खरवडावं लागतं तसं निघायला.

सरांच्या ऑफिसात फोन केला. ते परदेशी गेले होते. फोन घेतला ती मुलगी म्हणाली, निरोप ठेवते.

जेटीवर जाऊन लोकांना सांगावं का? काय सांगू, नारळाच्या पाण्यानं बोट उसवली? नारळी पौर्णिमेच्या आठवड्यात? मारतील नाही, हसतील. आणि काकांना त्या हसण्यात जगावं लागेल.

२८ ऑगस्ट, शनिवार

दिवेलागणीला धोंडूकाका खोलीवर आले. आठवडाभर बोलले नव्हते. गावाहून आलेलं तवसं, चांगली हातभर काकडी, घेऊन आले, उंबऱ्यातच बसले. आत या म्हटलं तर नको म्हणाले, पाय मळलेत.

इकडचं तिकडचं बोलले. मग म्हणाले, "उद्या ऐतवार. यार्डात कोण नाय. सगली पोरं जेटीवर मांडव घालायला."

"हो का?"

"वॉचमनला पण गावाला धाडलाय. त्याची आई आजारी." मग, "हत्यारांच्या खोलीला कुलूप घालायला इसरलंव बघ. ते वाटीएवढं भोक पाडायचं पातं आणलंय नवीन, टेबलावरच ऱ्हायलं. जनरेटरात डिझेल पण भरून ठेवलंय, लाइटीचा काय भरवसा."

"मग आत्ताच जाऊन कुलूप घाला ना काका. कोणी नेईल."

काका माझ्याकडे बघत राहिले. मग हसले, किती दिवसांनी. "गुडघे दुखतात गो. बघू." उठताना म्हणाले, "तुज्या बाला मी सांगितलंय, पोरगी शिकलेली आहे, तिला तिच्या वाटेनं जाऊ दे."

राग विसरून आले, बरं वाटलं. पण आता वय दिसायला लागलंय. एवढा शिस्तीचा माणूस, कुलूप घालायला विसरतो. वॉचमन नसताना खोली उघडी राहणं बरं नव्हे. उद्या सकाळी मीच जाऊन घालून येते.

२९ ऑगस्ट, रविवार

हे यार्डात, बोटीखाली बसून लिहिते आहे. माझ्या अंगावर, केसांत, वहीच्या पानांवर फायबरची पांढरी पूड आहे. खाज सुटली आहे. लिहून झालं की बाहेर जाऊन फाटकाशी उभी राहणार आहे.

मी खरंच कुलूप घालायला आले होते. खोली उघडी होती. टेबलावर ड्रिल होतं, पातं आधीच बसवलेलं, शेजारी गॉगल. कुलूप हातात घेऊन मी किती वेळ उभी होते ठाऊक नाही. मग कुलूप खाली ठेवलं.

जनरेटर पहिल्या झटक्यात सुरू झाला. बोटीखाली उताणी झोपले, ठोकळ्याच्या मागच्या अंगाला, जिथे हातोडीला थप यायला सुरुवात होते तिथे पातं लावलं. कोपर जमिनीत रुतवलं. निळा रंग उडाला, मग पांढरं, मग काचेचा जळका वास. पातं आरपार गेलं आणि तुकडा त्याच्यात अडकून बाहेर आला.

तो चांगला होता. एकसंध. दगडासारखा. मी जमिनीवर आपटला, उलटासुलटा केला, नखानं कड खरवडली. एकही थर सुटलेला नव्हता. चांगल्या बोटीला मी भोक पाडलं होतं.

तिथेच बसून राहिले. शेट हसताना दिसले, आणि कॅन्टीनमध्ये मान खाली घालून बसलेले बाबा. आता उठावं, पळून जावं, असंही वाटलं. दुसरं भोक पाडलं आणि तेही चांगलं निघालं तर? एका चुकीला नवखेपणा म्हणतील. दोन चुकांना काय म्हणतील?

पण आकडे तेच होते. ऊन नसताना, दोन गेजवर, तेच आकडे मी माझ्या हातानं घेतले होते. एक चांगला तुकडा त्यांना खोटं ठरवत नाही. तो एवढंच सांगतो की तिथपर्यंत बोट चांगली आहे.

ठोकळ्याच्या पुढे गेले, नाळेकडे. पुन्हा उताणी झाले. यावेळी पातं अर्ध्यात गेलं आणि एकदम मोकळं फिरलं, जसं काही आत काहीच नव्हतं. मग गॉगलवर थेंब पडले. ड्रिल बंद केलं तरी गळतच राहिलं, पिवळसर, आंबूस वासाचं. तुकडा बाहेर काढला तर दोन चकत्या सुट्या झाल्या, एकमेकींना कुठेच न धरलेल्या. भोकातून बोट घातलं. ते सरळ दोन थरांच्या मधे शिरलं, पुढेही, मागेही, मुळापर्यंत. टोक कशालाच लागलं नाही.

मला आनंद झाला नाही. माझं बरोबर निघालं असंसुद्धा वाटलं नाही. मुलं पुढे बसायची, एवढंच आठवत राहिलं.

धोंडूकाकांना यातलं काहीही माहीत नाही. त्यांच्या विसरण्याचा मी फायदा घेतला, आणि कोणी विचारलं तर तसंच सांगणार आहे. वॉचमनवर यायला नको, पोरांवर यायला नको. म्हणून दोन्ही भोकांच्या बाजूला निळ्या रंगावर खडूनं मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे: मैना महिपत गोताड, २९ ऑगस्ट. चांगल्या तुकड्याच्या भोकाशीसुद्धा. तेही माझंच आहे.

दोन भोकांतून तीन चकत्या निघाल्या: एक अख्खी, दोन अर्ध्या जाडीच्या. ऑफिसच्या टेबलावर, शेटच्या खुर्चीसमोर ठेवल्या. मग तिथल्याच फोनवरून शेटच्या घरी फोन लावला आणि सांगितलं, उद्या लाँच पाण्यात जाणार नाही.